पुण्यात टॉप फ्लोअरला ऑफिस, एसीवाला म्हणतोय १८ टन लागतील. खरंच लागतात का?

भरदुपारी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमचं ड्रॉइंग-डिझाइनचं छोटं ऑफिस आहे, २६ माणसं, आणि सातारा रोडच्या बाजूला नवीन जागा घेतलीये. २२०० स्क्वेअर फूट कार्पेट, पाचवा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, वर उघडी गच्ची, आणि पश्चिमेला साधारण तीस फूट लांब सात फूट उंच सलग काच. बघायला गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, गार वारा, समोर टेकडी, साहेब एकदम खूश, टोकन देऊन मोकळे. परवा दुपारी चारला मोजमापं घ्यायला मी एकटाच गेलो तर फेब्रुवारी असून शर्ट पाठीला चिकटला. काचेपासून चार फुटांवर उभं राहवत नव्हतं.

एसीवाला आला, टेप पण नाही काढली, मान वर करून बघितलं आणि म्हणाला "टॉप फ्लोअर आहे, १२० फुटाला एक टन धरा, १८ टन". कोटेशन बघून साहेबांनी चहा बाजूला ठेवला. आता ही जबाबदारी माझ्या गळ्यात आहे. कमी टनात काम भागेल का, विजेचं बिल आवाक्यात राहील का, आणि मुख्य म्हणजे लोकांना बरं वाटेल का? जुन्या ऑफिसात निम्मे लोक गारठायचे आणि निम्मे घामाघूम, ते परत नकोय.

जिना_क्र_४ | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतोय. आमच्याकडे पण हाच तमाशा आहे.

शाल_घेऊन_बसलेली | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

टनाचं मला कळत नाही पण गारठणाऱ्यांच्या वतीने बोलते. माझी जागा बरोबर एसीच्या झोताखाली आहे, मे महिन्यात बाहेर चाळीस डिग्री आणि मी आत शाल, पायात मोजे. गेल्या वर्षी हाउसकीपिंगच्या दादांना सांगून झोत येतो त्या जाळीवर पुठ्ठा चिकटवून घेतला, सेलोटेपने. दोन दिवस सुखाचे गेले, तिसऱ्या दिवशी पलीकडच्या ओळीतून तक्रार की आमच्याकडे वादळ सुटलंय. माझ्या वाटणीची हवा सगळी त्यांच्याकडे.

आणि रिमोट ज्याच्या हातात तो १८ वर ठेवतो, कारण "लवकर गार होतं".

डक्टवाला | ११ फेब्रुवारी, रात्री ११:३०

शालताई, पुठ्ठा आणि सेलोटेप हे भारतातल्या प्रत्येक ऑफिसच्या छताला चिकटलेलं असतं, बावीस वर्षं याच धंद्यात आहे, अजून एक ऑफिस बिनपुठ्ठ्याचं बघितलं नाही. पुठ्ठा दिसला की समजायचं की हवेचं वाटप चुकलंय, एसी कमी पडत नाहीये.

१८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर जेवढा जोर लावायचा तेवढाच लावतो, फक्त थांबायचं कधी ते बदलतं, म्हणजे २४ ला थांबला असता तो उगाच पुढे पळत राहतो. बीईईचा (ऊर्जा बचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) ठोकताळा असा की सेटिंग एक डिग्री वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी कंपनीतूनच २४ वर सेट होऊन येतात ते त्यासाठीच, पण आपल्याकडे खोकं फोडल्यावर पहिलं काम म्हणजे ते १८ करणे.

आता धागाकर्ते, तुमचं. स्क्वेअर फुटावर टन सांगणं म्हणजे शिंप्याने माप न घेता "उंच आहात, चार मीटर कापड लागेल" म्हणण्यासारखं आहे. उष्णता येते कुठून ते मोजा. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. मी तुमच्या आकड्यांवरून ढोबळ मांडतो, एप्रिलची दुपार चार वाजता धरून.

माणसं २६, बसून काम करणारा एक जण साधारण १३० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे सगळे मिळून एक टन. कॉम्प्युटर स्क्रीन धरून अर्ध्या टनापेक्षा थोडं जास्त. एलईडी दिवे पाव-अर्धा टन. बाहेरून ताजी हवा घ्यायलाच लागते, तिचं साधारण पाऊण टन. इथपर्यंत तीन टन पण झाले नाहीत बघा. आता स्लॅब: दिवसभर तापलेला आरसीसी, वर नुसता ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर अडीच-पावणेतीन टन. आणि ती पश्चिमेची काच, साधी असेल तर ती एकटी सव्वादोन-अडीच टन. भिंती, प्रिंटर, दाराची उघडझाप असं किरकोळ सगळं धरून ९ च्या आसपास येतं. १८ कुठून आले ते त्या एसीवाल्याला विचारा.

आणि यातले पाच टन माणसांमुळे नाहीतच, स्लॅब आणि काच. तुम्ही एसी घेताय तो निम्म्याहून जास्त बिल्डिंगला गार करायला घेताय.

भरदुपारी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

बापरे. डक्टवाला काका, खूप धन्यवाद. पण जास्त टनाचा घेतला तर तोटा काय, बिलाशिवाय? साहेब म्हणतायत "असू दे, नंतर माणसं वाढतील".

डक्टवाला | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

गरजेपेक्षा मोठा एसी पाच मिनिटांत खोली गार करून बंद पडतो. हवेतला ओलावा काढायला एसीतल्या गार नळ्यांवरून, म्हणजे कॉइलवरून, हवा बराच वेळ फिरावी लागते, तो वेळच मिळत नाही. मग जुलै-ऑगस्टमध्ये तुमचं ऑफिस २३ डिग्री आणि चिकट, गार गुहेत बसल्यासारखं, कागद मऊ पडतात, कोपऱ्यात बुरशीचा वास. इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करणारा) एसी असेल तर थोडं सांभाळून घेतो पण दुप्पट साइज त्यालाही झेपत नाही. माणसं वाढली तर दहा माणसांना जेमतेम एक टन लागतो, नऊ नाही.

आळशी_वास्तुरचनाकार | १२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

आमच्या जमातीचा दोष आहे हा, कबूल करतो. क्लायंटला काच हवी असते, ब्रोशरमध्ये छान दिसते, आणि आम्ही पश्चिमेला काच देऊन वर म्हणतो एसी आहे ना. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत म्हणजे ईसीबीसीमध्ये भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच काचेची मर्यादा आहे, पण ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी, तुमच्यासारख्या पाच मजली बिल्डिंगला सहसा कोण विचारत नाही.

पश्चिमेच्या काचेला छज्जा उपयोगाचा नाही हे लक्षात ठेवा. दक्षिणेला सूर्य डोक्यावर असतो तिथे छज्जा चालतो, पश्चिमेला चार वाजता सूर्य थेट डोळ्यात बघतो, छज्ज्याखालून आत येतो. तिथे उभ्या फळ्या, जाळी किंवा बांबूची चिक लागते आणि तीही काचेच्या बाहेरून. आतून पडदा लावला म्हणजे ऊन आत येऊन गेलंय, पडदा तापला, ती उष्णता आता खोलीतच. आतला पडदा म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला कडी.

तुमच्याकडे काचेबाहेर फ्लॉवर बेड आहे का? पुण्यातल्या बऱ्याच बिल्डिंगांना असतो.

भरदुपारी | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३५

आहे! दोन फुटांचा. सध्या त्यात बिल्डरने टाकलेलं डेब्रिज आणि कबुतरांचा संसार आहे.

वाळ्याचा_पडदा | १२ फेब्रुवारी, रात्री ८:१०

अरे बाप्पा, एवढं टन टन काय करून राहिले तुम्ही पुणेवाले? आमच्या नागपुरात ४४-४५ मध्ये आख्खी ऑफिसं डक्टिंगच्या कूलरवर चालतात. माझं स्वतःचं आहे सिव्हिल लाइन्सच्या जवळ, पंधरा माणसांचं. होळी झाली की कूलर खाली काढणे, खस बदलणे, टाकीतला गाळ काढणे हा आमच्याकडे सणच असते.

हिशोब सांगतो. मे महिन्यात दुपारी बाहेर ४४, पण हवा एवढी कोरडी की ओल्या फडक्याचं तापमान, ज्याले वेट बल्ब म्हणतात ते २३ च्या आसपास. मधला फरक २१. चांगला कूलर त्यातलं ८० टक्के खाली आणते, म्हणजे जवळपास १७ डिग्री, आत येते ती हवा २७ ची, आणि पूर्ण ताजी, बाहेरची, वाळ्याच्या वासाची. वीज म्हणाल तर फॅन आन् एक इवलासा पंप.

लोकं चूक एकच करतात, कूलर लावून खिडक्या बंद. मग आत दमट होते आन् म्हणतात कूलर बेकार. हवा जेवढी आत तेवढी बाहेर गेली पाह्यजे भाऊ.

दमट_मुंबईकर | १२ फेब्रुवारी, रात्री ८:५५

आणि तोच कूलर दादरला लावला तर आत मशरूम उगवतील. 😄 आमच्याकडे मे मध्ये ३४ डिग्री पण वेट बल्ब २७ च्या आसपास, ८० टक्के काढले तरी साडेपाच डिग्री उतरणार आणि अंग ओलं ते ओलंच. मुंबईला खरा देव म्हणजे पंखा. फोर्टातल्या जुन्या कचेऱ्या आठवा, चौदा-पंधरा फूट उंच छत, लांब दांडीचे पंखे, टेबलावर पेपरवेट. आता फॉल्स सीलिंग करून छत साडेआठ फुटांवर आणलं, पंखे काढले, आणि मग २१ डिग्रीवर एसी लावून विचारतो बिल का आलं.

वाळ्याचा_पडदा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:०२

ते बरोबर बोलले. आमचाही मृग लागला की कूलरचा दम संपते, जुलैत तोच कूलर भट्टीवर पाणी मारल्यासारखा. पाणीही लागते भरपूर, टँकरच्या दिवसांत ते खटकते मले.

डक्टवाला | १२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

नागपूरकर आणि मुंबईकर दोघंही बरोबर, आणि पुणं मध्ये. मार्च ते मे पुण्याची हवा कोरडी आणि रात्री गार, एप्रिलमध्ये दुपारी ३९ असलं तरी पहाटे २२ पर्यंत उतरतं. ही पहाट तुम्हाला फुकट मिळते. पहाटे चार ते सात एक्झॉस्ट फॅन टायमरवर लावून बाहेरची हवा आत फिरवली की स्लॅब आणि भिंती गार होतात आणि सकाळी नऊला तुम्ही तापलेल्या खोक्यात शिरत नाही.

हे नवीन नाही. झिंबाब्वेत हरारेला ईस्टगेट सेंटर म्हणून ऑफिस आणि दुकानांची इमारत आहे, १९९६ ची, मिक पिअर्स आर्किटेक्ट. वाळवीच्या वारुळावरून कल्पना घेतली म्हणून गाजली. रात्रीची गार हवा काँक्रीटच्या पोकळ्यांतून फिरवायची, दिवसा तोच गारवा वापरायचा, नेहमीच्या अर्थाने एसी नाही. गंमत म्हणजे नंतर वारुळांवर संशोधन झालं तेव्हा कळलं की वाळवी तसं करतच नाही, वारूळ वेगळ्याच पद्धतीने श्वास घेतं. पण इमारत चालते!

आपल्याकडे अहमदाबादला टॉरेंट रिसर्च सेंटर आहे, ९०च्या दशकातलं, उंच मनोऱ्यांच्या तोंडाशी पाण्याचा बारीक फवारा, गार झालेली हवा जड होऊन आपोआप खाली उतरते आणि प्रयोगशाळांत जाते. ती ढकलायला फॅनसुद्धा नाही.

भाग्यनगरी_मराठी | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:००

हैदराबादहून. इथे पोचारमला इन्फोसिसची एक इमारत आहे तिचा किस्सा या धाग्यावर हवाच. २०११ च्या सुमारास बांधली, आणि मुद्दाम बरोबर अर्ध्यात दोन भाग केले. दोन्हींच्या भिंती, काचा, माणसं सारखी. एका अर्ध्यात नेहमीचा पण उत्तम दर्जाचा डक्टवाला सेंट्रल एसी, दुसऱ्या अर्ध्यात स्लॅबमध्येच नळ्या टाकून त्यातून गार पाणी. छतच गार, थंड झोत वगैरे काही नाही. दोन वर्षं मोजलं, पाण्याच्या बाजूला कूलिंगची वीज ३४ टक्के कमी लागली आणि बांधायचा खर्च जवळजवळ सारखा. एवढी सरळ तुलना जगात फार ठिकाणी झालेली नाही.

कारण साधं आहे, तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेपेक्षा जवळपास साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मोठाल्या डक्टमधून हवा ढकलण्यापेक्षा नळीतून पाणी ढकलणं स्वस्त.

जिना_क्र_४ | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

छत गार म्हणजे छतातून डोक्यावर थेंब नाही का पडणार? थंड पाण्याच्या बाटलीला येतात तसे?

भाग्यनगरी_मराठी | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

पडतील ना, छत दवबिंदूच्या (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) खाली गेलं तर. म्हणून पाणी फार गार ठेवत नाहीत आणि ताजी हवा वेगळ्या यंत्रातून कोरडी करूनच आत सोडतात. खिडक्या मनाला येईल तशा उघडायच्या नाहीत. भाड्याच्या जागेत हे जमणार नाही, धागाकर्त्यांनी स्वप्नं बघू नयेत.

शाल_घेऊन_बसलेली | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

झोत नाही हे वाचूनच डोळे पाणावले. रच्याकने (बाय द वे), आम्हालाच जास्त थंडी वाजते हे नाटक नाही हं. आरामाचं गणित साठ-सत्तरच्या दशकात बांधलं त्यात शरीराची उष्णता साधारण चाळिशीच्या सत्तर किलोच्या पुरुषाची धरली आहे, त्यावर २०१५ ला नेदरलँड्सच्या दोन संशोधकांचा पेपर आला होता, की बायकांची उष्णता त्याहून बरीच कमी असते. आमच्या ॲडमिनला लिंक पाठवली, उत्तर आलं "नोटेड".

डक्टवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

ताई, शिवाय ते गणित सूट-बूटवाल्या परदेशी ऑफिसांचं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने आपल्या ऑफिसांत आपल्याच लोकांना विचारून भारतीय मॉडेल केलं, आयमॅक म्हणतात त्याला, २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत पण आलं. त्यानुसार बाहेरच्या तापमानाची गेल्या काही दिवसांची सरासरी ३० असेल तर कधी एसी कधी खिडकी अशा ऑफिसात २६ च्या पुढे-मागे लोकांना आरामाचं वाटतं, आणि नुसत्या खिडक्यांच्या इमारतीत २९. आपण २२ कुठून आणलं देव जाणे.

२६ ला पंखा हवाच मात्र. हलती हवा अंगाला दोन-तीन डिग्री कमी वाटते आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास खातो. एसी २६ आणि वर मंद पंखा. ज्याला थंडी वाजते त्याने आपल्या डोक्यावरचा बंद करावा, भांडण मिटलं.

आणखी एक, अख्ख्या धाग्यात अजून कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तीच हवा गार करून परत देतो. मीटिंग रूममध्ये दुपारी डोळे मिटतात ते जेवणामुळे कमी आणि कार्बन डायऑक्साइडमुळे जास्त. त्याचा एक मीटर विकत घ्या, बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास दाखवेल, आत हजारच्या वर गेला की समजा हवा शिळी. गारवा आणि ताजी हवा ही दोन वेगळी कामं आहेत.

आळशी_वास्तुरचनाकार | १३ फेब्रुवारी, रात्री १०:०५

जेवणामुळे कमी? काका, आमच्याकडे गुरुवारी डब्यात पुरणपोळी असते तेव्हाचं मोजा.

भरदुपारी | २ मार्च, रात्री १०:५०

अपडेट. मीटर मागवला आणि जुन्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये गुपचूप ठेवला. बारा बाय चौदाची खोली, आठ माणसं, दार बंद. साडेदहाला ६१०, सव्वाअकराला २०८०. साहेबांना स्क्रीन दाखवली, ते स्वतः जांभई देत होते. नवीन जागेत ताज्या हवेचा फॅन त्याच मिनिटाला मंजूर झाला.

गच्ची सोसायटीची, इन्सुलेशन टाकू देत नाहीत, पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट लावायला सेक्रेटरी काका तयार झाले, अट एवढीच की जिन्याच्या छतालाही आमच्या खर्चाने लावायचा.

वाळ्याचा_पडदा | २ मार्च, रात्री ११:०५

सेक्रेटरी सगळीकडे सारखेच राहतात भाऊ.

भरदुपारी | ७ जून, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, उन्हाळा पार पडला म्हणून. जसं झालं तसं लिहितो.

एसी शेवटी साडेसात टनाचे घेतले, इन्व्हर्टर, पाच दीड-दीड टनाचे, म्हणजे गरज नसेल तेव्हा दोन बंद. दुसराच एसीवाला, त्याने टेप काढली. डक्टवाला काकांचा हिशोब त्याला दाखवला तर म्हणाला "हे कोणी केलं, बरोबर आहे".

गच्ची रंगवायच्या आधी आणि नंतर इन्फ्रारेड गनने मोजलं, दोन्ही दिवस ऊन सारखंच, दुपारी अडीच. वरचा पृष्ठभाग ५८ होता तो ४१ झाला. खालून स्लॅबला हात लावला तर आधी चटका नाही पण गरम, आता नुसता कोमट. पण धूळ बसते, एप्रिलअखेर परत ४६ दाखवायला लागला, झाडून धुऊन घेतला तेव्हा उतरला. हे दर महिन्याला करावं लागणार.

काच: फ्लॉवर बेड साफ केला, बाहेरून बांबूच्या चिका टांगल्या, दोरीने वरखाली होतात. सकाळी वर, दीड वाजता खाली. टेकडी फटींतून दिसते. अख्ख्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त काम हे आणि सगळ्यात जास्त फरक याचाच, आता काचेला लागून दोन जण बसतात. मेमधल्या वळवाच्या वादळात दोन चिका उडून खालच्या पार्किंगमध्ये, कोणाला लागलं नाही नशीब. आता खालून पण बांधल्यात.

पहाटेचा एक्झॉस्ट आमच्याकडे अर्धवट जमला. गारवा खरंच येतो, सोमवारी सकाळी फरक कळतो कारण रविवारी टायमर बंद राहतो. पण पहिल्या आठवड्यात टेबलांवर धुळीचा थर, मावशी वैतागल्या. हवा आत यायच्या खिडकीला जाळी आणि फिल्टर लावला तर धूळ थांबली पण हवा कमी झाली. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा असं मावशींशी ठरलंय.

मीटिंग रूमला १५० सीएफएमचा (मिनिटाला १५० घनफूट हवा) ताज्या हवेचा फॅन, आठ माणसांत ९५० च्या पुढे जात नाही. एसी २६, वर पंखे. पहिले चार दिवस "एसी बंद आहे का" विचारणारे होते, पाचव्या दिवशी थांबले. एसीच्या वेगळ्या मीटरवर मे महिन्यात १०४० युनिट पडले.

शाल_घेऊन_बसलेली | ७ जून, रात्री ९:३०

तुमच्याकडे जागा आहे का हो? टायपिंग, ऑटोकॅड, चहा, काहीही येतं.

डक्टवाला | ७ जून, रात्री १०:१०

चांगलं केलंत. आता पाऊस सुरू होईल तेव्हा पहाटेचा एक्झॉस्ट बंद करा, नाहीतर ओलावा आत भराल आणि दिवसभर एसी तोच काढत बसेल. जुलैत आतली आर्द्रता ६० च्या वर गेली तर एसी ड्राय मोडवर टाकून बघा. आणि साहेबांची केबिन कशी आहे? तिचं काही लिहिलं नाहीत.

भरदुपारी | ७ जून, रात्री १०:२५

साहेबांच्या केबिनला वेगळा एसी आहे काका. १८ वर असतो.